चार फुटी टाकीत दोन मोठे सकर मासे, रात्रभर धडाधड

मनीषनगर_४८

टाकी ४८×१८×१८ इंच. बाहेरचा कॅनिस्टर फिल्टर, ताशी १२०० लिटरचा. आत १३ इंची काळपट सकर, १० इंची ऑस्कर मासा आणि नुकताच आणलेला ८ इंची ठिपक्यांचा सकर, जो दुकानात ‘लेपर्ड’ म्हणून मिळतो. लपायला ४ इंची पीव्हीसी पाइपचा एक तुकडा आणि एक ड्रिफ्टवूड.

दिवा बंद झाला की काचेवर धडका ऐकू येतात. लहान्याची शेपूट फाटली आहे, पोटावर लाल ओरखडे आहेत. दिवसा तो फिल्टरच्या पाइपाखाली, अगदी पृष्ठभागाशी चिकटून बसतो, खाली येत नाही. ऑस्करच्या अंगावर एका बाजूला गोल फिकट डाग पडले आहेत. पाण्याचं तापमान दुपारी ३२, नायट्रेट ८०, अमोनिया शून्य. दुकानदार म्हणतो, आठ दिवसांत आपोआप जमेल, आणि सकर टाकीएवढाच वाढतो. हे कितपत खरं? मधे जाळी लावली तर चालेल का?

कवेलू

भाऊ, लहान सकर आज दिवा मालवायच्या आत बाहेर काढा. आठ दिवसांत ‘जमतं’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की हरलेला मासा लढणं सोडतो आणि उपाशी राहतो. पृष्ठभागाशी, पाइपाच्या धारेत चिकटून बसलेला सकर म्हणजे तळ सोडून हाकललेला सकर. डोळे खोल गेले आणि पोट आत ओढलं गेलं की मग सावरणं अवघड.

ठेवायला १०० लिटरचा प्लॅस्टिक टब किंवा कापलेला ड्रम पुरतो. साबण, फिनाइल कधीही न लागलेला हवा. टाकीतलंच पाणी भरा, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा आणि कॅनिस्टरमधला थोडा जुना स्पंज कापून त्याच टबात टाका, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू पहिल्या दिवसापासून हजर राहतील. वर जाळी आणि जाळीवर वजन. रात्री सकर उडी मारतो आणि हलकं झाकण डोक्याने सहज सरकवतो. मीठ लिटरला १ ग्रॅम, खडे मीठ, आयोडीनचं नको. रोज पाव पाणी बदला आणि बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ परत घाला. फाटलेल्या शेपटीला स्वच्छ पाणी हेच औषध. तांब्याचं कोणतंही औषध या जातीला देऊ नका. मॅलाकाइट ग्रीन किंवा फॉर्मलिन द्यायची वेळ आलीच तर अर्ध्या मात्रेने सुरुवात.

पकडायला जाळं वापरू नका. छातीच्या आणि पाठीच्या पराचा पहिला काटा ताठ उभा राहून अडकतो, नायलॉनमध्ये गुंतला की ओढताना काटाही मोडतो आणि पराचा पडदाही फाटतो. पाणी फूटभर खाली आणा, माशाला पाइपात शिरू द्या, पाइपाची दोन्ही तोंडं तळहातांनी बंद करा आणि पाइपासकट टबात उतरवा. लहाना पाइपात शिरत नसेल तर झाकणाचा डबा पाण्याखाली आडवा धरून त्याला त्यात हाकला. जाळ्यात गुंतलाच तर जाळं कात्रीने कापा, काटा दाबून मिटवायला जाऊ नका.

झिंगा_०९

‘टाकीएवढाच वाढतो’ हे दुकानातलं जुनं भजन आहे. मासा छोटा राहून नाही राहत भाऊ, खराब पाण्यात खुरटून राहतो, कणा वाकडा होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगायचा तो चार वर्षांत जातो.

आधी तुमच्याकडे काय आहे ते पाहा. पाठीवरच्या पराच्या काड्या मोजा. दहा किंवा जास्त असतील तर टेरिगोप्लिक्थिस या गटातला. आपल्या बाजारात ‘सकर’ म्हणून जे येतात ते जवळजवळ सगळे हेच, पार्डालिस, डिसजंक्टिव्हस किंवा त्यांची सरमिसळ. पोटावर सुटे ठिपके असतील तर पार्डालिसकडे झुकतो, ठिपके जोडून नागमोडी रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. पाठीचा पर शिडासारखा उंच, अंगावर बिबट्याचे ठिपके आणि नाकपुड्यांपाशी उंचवटे असतील तर गिबिसेप्स. तिन्ही ४० ते ५० सेंटिमीटर होतात. तुमच्या टाकीची रुंदी १८ इंच, म्हणजे ४५ सेंटिमीटर. म्हणजे पूर्ण वाढलेल्या माशाला वळायला स्वतःच्या लांबीएवढीच जागा. त्यात दोन? चार फुटीत या जातीचा एकही कायमचा राहू शकत नाही, दोन तर नाहीच. जाळी लावून चार फुटीच्या दोन दोन फुटी होतील, तीही सोडा.

जाळीबद्दल विचारलं म्हणून सांगतो. छतातल्या दिव्यांवर लावतात ती चौकटींची प्लॅस्टिक जाळी १३ इंची सकर एका रात्रीत उखडतो. टबाची सोय होईपर्यंत लावायचीच असेल तर ६ मिलिमीटर अॅक्रिलिक, त्याला ८ मिलिमीटरची भोकं, आणि ती पट्टी सरकवायला काचेला सिलिकॉनने चिकटवलेल्या काचपट्ट्यांची खाच. ते सिलिकॉन बुरशीरोधक नसलेलं, मत्स्यालयाचंच. टाकी रिकामी केल्याशिवाय हे काम होत नाही, त्यापेक्षा टब बरा.

कवेलू

चार फुटी कायमची नाही हे बरोबर. पण उद्या सहा फुटी आणली आणि त्यातही एकच पाइप ठेवला तर हेच होणार, म्हणून भांडण कशावरून होतं ते नीट समजून घ्या. सकर टाकीच्या प्रत्येक इंचासाठी लढत नाही. तो एका कपारीसाठी आणि तिच्या तोंडासमोरच्या फूट-दीड फुटासाठी लढतो. लढाईत दोघं अंगाला अंग लावून परांचे काटे पसरतात, मोठा शेपटीने हाणतो आणि दुसऱ्याला कपारीच्या तोंडातून आडवा ढकलतो. पोटाला पाठीसारख्या जाड चिलखती पट्ट्या नसतात, म्हणून ओरखडे तिथेच दिसतात.

तुमचा ४ इंची पाइप म्हणजे बाहेरून ११० मिलिमीटर. तो ८ इंची माशाला ठीक, १३ इंचीला घट्ट होत चालला असेल आणि १६-१७ इंचीला अजिबात पुरणार नाही. कपार अशी हवी की पर मिटलेला मासा दोन्ही बाजूंना हलकेच टेकेल पण अडकणार नाही. फार ऐसपैस कपार त्याला आवडत नाही, त्यात तो उघडा पडतो. मोठ्यासाठी १६० मिलिमीटरचा ड्रेनेज पाइप, लांबी माशाच्या दीडपट. एक टोक बंद करा. दोन्ही तोंडं उघडी असली की राखणदार मासा दोन दारं सांभाळतो आणि जास्त चिडतो. बंद टोकाला बोटभर भोक ठेवा, नाहीतर आत पाणी फिरत नाही आणि घाण साचते. कापलेली कड पॉलिश कागदाने गुळगुळीत करा. ऊन-पाऊस खाल्लेला, पांढरट भुकटी सुटणारा जुना पाइप घेऊ नका.

पीव्हीसी दिसायला नको असेल तर आपल्याकडची जुनी छपराची मातीची कवेलू उत्तम. अर्धगोल असतात, एक उताणं आणि त्यावर दुसरं उपडं ठेवलं की कपार तयार. शेवाळ खरवडून काढा, दोन दिवस पाण्यात भिजत ठेवा, रंग किंवा डांबर लागलेली टाकून द्या. दगड आणि कवेलू थेट तळाच्या काचेवर, खाली पातळ फोमची पट्टी घालून आधी मांडा आणि मग वाळू पसरा. वाळूवर दगड ठेवले तर सकर खालची वाळू उकरतो आणि दगड काचेवर येतो.

कपारींची संख्या माशांच्या दुप्पट. त्यांची तोंडं एकमेकांकडे नकोत, एक डावीकडे तर दुसरी मागच्या भिंतीकडे. मधे उभं ड्रिफ्टवूड, म्हणजे एका तोंडातून दुसरं दिसत नाही. नवा मासा सोडताना आधी सगळी मांडणी मोडा, अर्धं पाणी बदला, नव्याने मांडा, दिवा बंद करून आधी नव्याला सोडा आणि तासाभराने जुन्याला. जुन्याची हद्द मांडणीबरोबर मोडते, तेवढा काळ नव्याला कपार धरायला मिळतो.

एवढं करूनही सहा फुटीत या मोठ्या जातीचा एकच ठेवावा असं माझं मत. जोडीला हवाच असेल तर मिशीवाला छोटा सकर, अॅन्सिस्ट्रस घ्या, १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबतो, आणि त्याच्या कपारी २ इंची ठेवल्या की मोठा आत डोकंही घालू शकत नाही.

मनीषनगर_४८

लहान्याला टबात हलवलं. सहा फुटीचा विचार पक्का आहे, पण फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. वजनाचं काय? आणि ऑस्करचे डाग? शिवाय मे महिन्याचं काय करायचं? मी रोज दोन बाटल्या बर्फ टाकतो, तापमान हलत नाही.

पाणवठा

बर्फाचा हिशेब करून पाहा. सहा फुटीत, दगड-वाळू वजा जाता, ६०० लिटर पाणी धरू. ते १ अंशाने उतरवायला साधारण साडेपाच किलो बर्फ पूर्ण वितळावा लागतो. लिटरच्या दोन बाटल्यांनी अर्धा अंशही उतरत नाही. तुमच्या आताच्या चार फुटीत एखादा अंश उतरतो, पण तासाभरात परत चढतो, आणि ती चढउतार ३२ अंशांवर स्थिर राहण्यापेक्षा वाईट.

आता दुसरा हिशेब. १ लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते जवळपास तेवढीच उष्णता घेऊन जातं, जेवढी साडेपाच किलो बर्फ घेतो. नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी असते, त्याचा फायदा घ्या. १२० मिलिमीटरचे १२ व्होल्टचे दोन किंवा तीन पंखे टाकीच्या एका टोकाला, पाण्यावर तिरपे, वारा पाण्याला घासत जाईल असे. काचेचं झाकण काढून त्याजागी प्लॅस्टिकचा लेप असलेल्या वेल्ड जाळीची चौकट, क्लिपने आवळलेली. २ ते ४ अंश उतरतात. टाकीची पातळी दिवसाला अर्धा इंच उतरली तर सहा फुटीत १४ लिटर गेले समजा. ती भर आरओच्या शुद्ध पाण्याने करा. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात, आणि बोअरच्या पाण्याने भर घालत गेलात तर महिन्याभरात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, भलतीकडे जातो. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी नको, त्यात क्षार उलट जास्त. एसीचं ठिबकणारं पाणी फुकट दिसतं, पण ते तांब्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या नळ्यांवरून आलेलं असतं, तेही नको.

खोलीत कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर चालला की हवा दमट होते, मग पंखेही निकामी आणि माणसंही घामाघूम. एक गोष्ट मात्र पक्की पाळा: कूलरच्या टाकीत डासांसाठी काही टाकलं असेल, किंवा खोलीत डासांची लिक्विड मशीन, कॉइल, स्प्रे चालत असेल, तर एअर पंप त्या खोलीची हवा ओढू देऊ नका. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं माशांना अतिशय विषारी असतात. पंप बाजूच्या खोलीत ठेवून नळी आणा.

तापमानापेक्षा धोका ऑक्सिजनचा. २५ अंशांना लिटरमागे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, ३५ ला सातच्याही खाली. त्याच वेळी माशाची आणि जिवाणूंची गरज वाढलेली असते. टेरिगोप्लिक्थिस वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून ऑक्सिजन घेतो, म्हणून तो तरतो. ऑस्करला ती सोय नाही, तो आधी जातो. सकर वारंवार वर येऊन हवा घ्यायला लागला तर ती तुमची धोक्याची घंटा समजा आणि लगेच एअरस्टोन वाढवा, फिल्टरच्या धारेचं तोंड वर करा.

अमोनिया शून्य आहे ते उत्तमच, पण उन्हाळ्यात खायला घालताना हात आखडता ठेवा. पीएच ७ आणि २५ अंशांना एकूण अमोनियातला अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, तर पीएच ८ आणि ३० अंशांना साडेसात टक्क्यांच्या आसपास. बोअरच्या पाण्याची टाकी असेल तर पीएच ८ सहज असतो, म्हणून पावसाळ्यात खपून जाणारा जास्तीचा खुराक मे महिन्यात खपत नाही.

पाणी बदलायचं ते पहाटे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापलेलं असतं, ते थेट ओतलं तर एका बादलीत घात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट, १०० लिटरला १ ग्रॅम, आधी विरघळवून. नायट्रेट ८० आहे, ते एका दिवसात उतरवू नका. दर दोन दिवसांनी ३० टक्के, असं २०-४० पर्यंत आणा.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर कूलर चालला नाही तरी ५-१० वॉटचा एअर पंप चालू राहिलाच पाहिजे. कॅनिस्टर काही तास बंद राहिला तर आतले जिवाणू ऑक्सिजनवाचून मरतात आणि पाणी कुजतं. वीज आली म्हणून तसाच चालू केला की ती सगळी घाण टाकीत. आधी उघडा, आतलं पाणी फेका, टाकीच्या पाण्याने स्पंज हलका धुवा, मग लावा.

हिवाळ्याचं थोडक्यात: डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या आसपास येतो, ६०० लिटरला ३०० वॉटचे दोन हीटर २५ अंशांवर. काचेच्या हीटरला प्लॅस्टिकचं कवच हवंच, सकर त्याला चिकटतो, पोट भाजतं आणि शेपटीने काचही फुटते.

झिंगा_०९

ऑस्करचे गोल डाग म्हणजे सकरच्या तोंडाचे ठसे. ऑस्कर रात्री तळाशी आडवा पडून राहतो आणि उपाशी सकर त्याच्या अंगावरचा चिकट थर खरवडून खातो. चपटे किंवा संथ मासे, म्हणजे डिस्कस, एंजल, गोल्डफिश, यांच्याबरोबर तर हा प्रकार हमखास. कारण सरळ आहे: लोक सकरला टाकी साफ करणारा समजून वेगळं खायला देत नाहीत, आणि दिवसा टाकलेलं सगळं ऑस्कर गिळून मोकळा होतो.

दिवा बंद झाल्यावर अर्ध्या तासाने खायला द्या. रोज बुडणाऱ्या वेफर दोन-तीन, एवढ्या मोठ्या माशाला. एक दिवसाआड भाजी: गिलकं, काकडी, कोहळं, पालक, उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून, स्टीलच्या चमच्याला टोचून तळाशी. फवारणीचा भरवसा नाही, म्हणून साल काढा. आठवड्यातून दोनदा सोललेले झिंगे किंवा बुडणारा प्रोटीनचा खुराक. उरलेली भाजी सकाळी बाहेर, नाहीतर उन्हाळ्यात दुपारपर्यंत पाणी दुधाळ होते. पोट सपाट किंवा किंचित गोल दिसलं पाहिजे. काचेला चिकटल्यावर पोटात खड्डा दिसला तर कमी पडून राहिलं आहे.

आणि हा मासा साफसफाई नाही, घाण करतो. दोरीसारखी वीत वीत विष्ठा. ६०० लिटरला तुमचा १२०० चा कॅनिस्टर काहीच नाही, ताशी ४-५ हजार लिटर फिरले पाहिजेत. तुमचा हा आणि जोडीला २००० चा दुसरा, वर उरलेलं पाणी फिरवायला तळावर धार मारणारा एक वेव्हमेकर, किंवा सरळ खाली संप, म्हणजे स्टँडमध्ये ठेवलेली फिल्टरची वेगळी टाकी. मी संप म्हणेन, हीटर आणि नळ्या सकरच्या तडाख्यातून वाचतात.

पाणवठा

वजनाचं राहिलं. ७२×२४×२४ इंच म्हणजे एकूण ६८० लिटर. काच, स्टँड, वाळू धरून ८०० किलोच्या वर जातं आणि ते बारा चौरस फुटांवर उभं राहतं, म्हणजे चौरस मीटरला ७०० किलोंहून जास्त. घरांची जमीन साधारण २०० किलोंच्या हिशेबाने बांधतात. हा आकडा खोलीभर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे टाकी लगेच खाली जाईल असं नाही, पण स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका. बीमवर किंवा बीमला काटकोनात, भिंतीला लागून. त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला इमारतीचा नकाशा दाखवा. काच १२ मिलिमीटर, वर आडव्या पट्ट्यांसकट. स्टँडला दीड इंची चौकोनी लोखंडी पाइप, सहा पाय, वर १८ मिलिमीटरचा प्लाय आणि त्यावर १० मिलिमीटर थर्माकोल.

मनीषनगर_४८

हे सगळं जमेल. सहा फुटीत जुना आणि ऑस्कर ठेवतो. लहान्याचं काय करू? एकाने सुचवलं, फुटाळ्यात सोडून दे, तलाव मोठा आहे.

कवेलू

फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा, नागपूरच्या कुठल्याही तलावात नाही. हा मासा दक्षिण अमेरिकेचा. आंध्रात कृष्णेत आणि वर गंगेतही तो पसरला आहे. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, काठ ढासळतात, आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यात इतर मासे मरतात तिथे हा हवा गिळून टिकतो. अंबाझरी भरून वाहिला की पाणी नाग नदीत, तिथून कन्हान, मग वैनगंगा आणि गोसीखुर्द धरण. भंडाऱ्याकडच्या ढिवरांच्या जाळ्यात हा आला की काट्यांनी जाळं फाटतं आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही.

शेपूट भरून आली की दुकानाला परत द्या, निम्मी किंमतही नाही मिळाली तरी द्या. नाहीतर इथेच ‘देणे-घेणे’ विभागात टाका, घेणाऱ्याला टाकीचं माप विचारा आणि सहा फुटी नसेल तर नाही म्हणा. नेताना दुहेरी पिशवी चालणार नाही, काटा प्लॅस्टिक फोडतो. झाकणाची बादली, तळाशी ओला जाडा पंचा, पाणी मासा बुडेल एवढंच, बॅटरीचा एअर पंप, आणि सकाळी नऊच्या आत.

झिंगा_०९

आदल्या दिवशी खायला देऊ नका, नाहीतर बादलीतच सगळं पाणी खराब करतो.